समोरची

पेपरात नाव तिचं होतं आणि फोटो दुसऱ्याच कोणाचा तरी. भिलपुऱ्याच्या कोपऱ्यावर नईमच्या टपरीशी रजेवर घरी आलेली ती अब्बांसाठी थर्मासात चहा भरून घ्यायला थांबली होती. सकाळचे साडेआठ, पण मे महिन्यातलं जळगाव, भिंतींना हात लावला तर कालची धग अजून आत होती. नईमनं गाळणीवरची नजर न हलवता पेपर तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाला, “मुबारक हो आपा. पेढे कधी?” आतल्या पानावर, कापसाच्या भावांच्या वरती, दोन रकान्यांची बातमी होती. जळगावची अलफिया पिंजारी सुरतेच्या हॉकी संघात. खाली हेल्मेट घातलेली एक गोलकीपर आडवी झेपावलेली, चेहरा जाळीच्या आड. अलफियाचे पॅड निळे होते, फोटोतल्या मुलीचे केशरी. शिवाय ती मुलगी डावीकडे झेपावताना उजवा हात मागे लोंबता सोडत होती, अलफियानं तो जन्मात सोडला नसता. गोलकीपरच्या वाट्याला हे येतंच, जाळीआड कोणीही कोणाच्या नावावर खपून जातं. फोटोचं तिला काही वाटलं नाही. तिचे डोळे अडकले ते एका साध्या वाक्यावर. ‘आपण निर्णय घेतला असल्याचे तिने निकटवर्तीयांना सांगितले.’ तिनं ते दोनदा वाचलं. तिनं काहीच ठरवलेलं नव्हतं. चार दिवसांपूर्वी सुरतेहून मॅनेजरचा फोन आला होता, ‘विचार करून सांगते’ एवढंच ती म्हणाली होती आणि रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली होती. आज गुरुवार. राग यायला हवा होता, तो काही येईना. आली ती एक विचित्र उत्सुकता. ह्या केशरी पॅडवालीनं ठरवून टाकलंय खरं, पण ठरवलं कसं असेल तिनं? कुठे बसून? काय बाजूला सारून?

थर्मास घेऊन गल्लीतून चालताना तिला लोक निराळेच दिसायला लागले. शिवणयंत्र दुरुस्त करणाऱ्या दुकानदारानं आजवर तिच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, तो आज पायरीवरून उठून उभा राहिला. शेजारच्या बेबाबाई पाण्याची कळशी कमरेवर तशीच ठेवून म्हणाल्या, “आता बापाला आराम दे गं पोरी.” म्हणजे ह्या सगळ्यांच्या लेखी ती गेलेलीच होती. सुरतेच्या अलफियाशी ते बोलत होते आणि पुण्याची अलफिया थर्मास हातात धरून मधल्या मध्ये ऐकत होती. पुण्यात ती सात वर्षं होती, एका सरकारी खात्यात कनिष्ठ लिपिक. सकाळी टर्फवर सराव, अकरा ते पाच आवक-जावक टेबल आणि हंगाम आला की खात्याच्या संघाची गोलकीपर. ह्या संघानं सात वर्षांत काही जिंकलं नव्हतं. तीनदा उपांत्य फेरी आणि एकदा अंतिम सामना, तोही हरलेला. सुरतेच्या संघाची गोष्ट वेगळी. एका खाजगी कंपनीनं तो काढला, स्वतःचं टर्फ घातलं, देशभरातून मुली उचलल्या आणि गेली दोन्ही वर्षं लीग जिंकली. मॅनेजरनं जो आकडा सांगितला तो तिच्या पाच वर्षांच्या पगाराएवढा होता आणि तो एका वर्षाचा होता. करार तीन वर्षांचा. नोकरी मात्र सोडायची. आकडा ऐकताना आपल्याला काय वाटलं ते तिनं नीट तपासून पाहिलं होतं. आनंद झाला होता. त्यात खोटं काही नव्हतं. पण त्या आनंदाच्या मागे अजून काहीतरी बसलेलं होतं, तोंड फिरवून, आणि ते काय आहे हे तिला चार दिवस दिसत नव्हतं.

अब्बांचं दुकान म्हणजे एक लांबट गाळा. पुढे गाद्या, मागे पिंजायचं मशीन, आणि वर छतापर्यंत तरंगणारी रुईची बारीक लव. मुख्तार पिंजारी जमिनीवर गादीच्या कडेशी बसून दाभणानं टाके घालत होते. दाभण आत गेलं की त्यांचा खांदा किंचित वर व्हायचा, बाहेर आलं की खाली. लहानपणी अलफिया ह्याच गाळ्यात रुईच्या ढिगावर उड्या मारायची. आडवी, तिरकी, कधी पाठीवर. पडलं की दुखत नाही हे तिला चालायला शिकता शिकताच कळलं असावं, आणि पुढे मैदानावर सगळ्या मुली पडायला घाबरायच्या तेव्हा तिला त्यांचं नवल वाटायचं. तिनं पेपर अब्बांच्या गुडघ्यापाशी ठेवला. त्यांनी तो पाहिला नाही. पाहिला नाही म्हणूनच तिला कळलं.

“अब्बा, पेपरवाल्याला तुम्ही सांगितलंत?”

“सांगितलं नाही. बोललो.”

“कोणाशी?”

“गादी न्यायला आले होते त्यांच्याशी. त्यांचा जावई पेपरात आहे हे मला काय माहीत?” दोन टाके त्यांनी मन लावून घातले. मग म्हणाले, “म्हणजे, माहीत होतं.”

तिला हसू आलं, आणि तेही हसले असते, पण खोकला आला. रुईचा तो जुना खोकला, घरात घड्याळासारखा, कोणी दखल न घेण्याइतका. तो थांबेपर्यंत तिनं चहा ओतला. “आणि मी नाही म्हटलं तर?” तिनं विचारलं. मुख्तारभाईंनी दाभण गादीत टोचून ठेवलं आणि तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर कावा नव्हता, त्यांना खरोखरच समजून घ्यायचं होतं. “का म्हणशील? बेटा, मालक हा गाळा विकतोय. दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला. मी घेतला तर मी, नाहीतर दुसरा कोणी. तुझ्याकडे मी मागायला आलो नसतो, शहजादीला विचार तुझ्या अम्मीला, मी तिला म्हटलं होतं, पोरीला सांगू नको. पण आता आपसूक चालून आलंय तर येऊ दे की. लोक पोरींकडे म्हातारपणी आधार मागतात, मी आत्ताच म्हणतो. जा तू.” इतकं सरळ त्यांनी बोलावं ह्याचं तिला बरं वाटलं. त्यागबिगाची भाषा करून त्यांनी तिला कोड्यात टाकलं नाही. त्यांना गाळा हवा होता. अठ्ठावीस वर्षं ज्या जमिनीवर बसून त्यांनी अर्ध्या जळगावच्या पाठी टेकवल्या, ती जमीन त्यांना हवी होती. ती त्यांच्यासमोर चहा घेत बसून राहिली आणि मनाशी म्हणाली, हे एक कारण झालं, आणि ते चांगलं दणकट आहे. मग तरीही मी आत कुठे हलत का नाहीये?

दुपारी पुण्याहून जितेंद्र सरांचा फोन आला. खात्याच्या संघाचे ते प्रशिक्षक. तीन वर्षांपूर्वी तिचा उजवा खांदा निखळला, तेव्हा सात महिने तिच्या जागेवर त्यांनी दुसरी मुलगी कायमची येऊ दिली नव्हती. वरच्या साहेबांशी भांडून ऑपरेशनची मंजुरी आणली होती आणि दवाखान्यात तिच्या अम्मीला जेवणाचा डबा स्वतःच्या घरून पोचवला होता. ह्यातलं ते एक अक्षर बोलले नाहीत. बातमी वाचल्याचं सांगितलं आणि अभिनंदन म्हणाले. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. “सर, ती बातमी खरी नाही,” ती म्हणाली. “अजून नाही.” ते म्हणाले, “असू दे, असू दे. मी काही विचारायला फोन केला नव्हता,” आणि फोन ठेवला. आणि तिला जाणवलं की त्यांचा डबा आपल्याला अजून आठवतो, पण पाय तिथेच राहतात. निष्ठा म्हणतात ती हीच असेल तर तिनं आपल्याला पुण्याकडे ओढायला हवं. अब्बांच्या गाळ्यानं सुरतेकडे ओढायला हवं. दोन्ही दोर तिला दिसत होते, खरे होते, आणि दोन्ही सैल होते. जिंकण्याचं काय? ती कॉटवर पालथी पडून जिंकल्याची कल्पना करून पाहायला लागली. गळ्यात पदक, कागदाचे चमचमते तुकडे, सुरतेच्या मुलींचा गराडा. त्या गराड्यात दिपमाला. दिपमालेचा हात आपल्या खांद्यावर. इथे मात्र काहीतरी खटकलं. चित्रात दिपमाला चुकीच्या जागी उभी होती.

आणि दिपमालेचाच फोन आला. शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यातली दिपमाला, सुरतेची फ्लिकर. पेनल्टी कॉर्नर मिळाला की डीच्या, म्हणजे गोलापुढच्या अर्धवर्तुळाच्या, टोकाशी उभी राहून स्टिकनं बॉल ओढत गोलात फेकणारी, आणि ह्या कामात देशात तिच्या तोडीच्या दोन-तीनच. अलफियाची आठवीपासूनची मैत्रीण. “काय वं, पेपरमा तं तू आम्हनाकडे ई बी गयी!” ती ओरडली. धुळ्यात खालाकडे पाच वर्षं काढल्यानं अलफियाला अहिराणी सगळी कळायची, पण उत्तर ती मराठीतच द्यायची, आणि दोघींना ते कधी विचित्र वाटलं नव्हतं. “माझ्याआधी पेपरला कळलं,” ती म्हणाली. दिपमाला आपल्याच नादात होती. “मी आठ दिन गावले शे. धुयाले कधी येस? शाळाना नानासले भेटू. नि किट लई ये.”

“किट कशाला?”

“काही दखाडनं शे तुले.”

शुक्रवारी दुपारच्या एसटीनं ती निघाली. गोलकीपरचं किट म्हणजे एक आख्खं माणूसच, कंडक्टरनं त्या बॅगेचं वेगळं तिकीट फाडलं आणि तिच्या शेजारची सीटही बॅगेलाच दिली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. खिडकीतून येणारा वारा गरम होता आणि नांगरून टाकलेली काळी रानं दोन्ही बाजूंनी फिरत मागे जात होती. ती हिशोब आठवत होती. पैशांचा नव्हे. सहा वर्षांत अधिकृत सामन्यांत ती आणि दिपमाला नऊ वेळा समोरासमोर आल्या होत्या, कारण सुरतेला यायच्या आधीही दिपमाला एका मोठ्या संघातच होती. त्या नऊ सामन्यांत दिपमालेनं तिच्यावर एकतीस कॉर्नर मारले आणि पाच गोल केले. इतरांवर तिचे तीनात एक तरी जायचे. बॉल कुठे येणार हे अलफियाला आधी कळायचं. बॉल सुटायच्या आधी दिपमालेचा डावा खांदा त्या बाजूला किंचित उघडतो, अशी तिची स्वतःची समजूत होती. ही नऊ सामन्यांची चित्रफीत पाहूनच सुरतेनं तिला मागितलं होतं, मॅनेजर तसं बोललाही होता. आणि इथे, पारोळ्याच्या पुढच्या त्या सरळ रस्त्यावर, बॅगेला टेकून बसलेली असताना तिच्या मनात एक गोष्ट इतक्या सहज आली की जणू कोणी खिडकीतून आत ठेवली. इतर संघांविरुद्ध ती साधारण गोलकीपर होती. वाईट नव्हे, पण साधारण. दिल्लीच्या मुलींनी तिच्यावर एका सामन्यात चार घातले होते. ज्या अलफियाला सुरत विकत घेत होती ती फक्त दिपमालेच्या समोरच उभी राहत असे. तिला सुरतेच्या बाजूला आणलं की ती राहणारच नव्हती. मॅनेजरला हे माहीत नव्हतं. तिलाही आत्तापर्यंत माहीत नव्हतं. ह्याचं तिला दुःख व्हावं की गंमत वाटावी हे न ठरल्यानं ती नुसतीच त्याच्याकडे पाहत राहिली, नवीन कोणी शेजारी येऊन बसावं तशी.

धुळ्यात देवपुरातल्या शाळेचं मैदान तसंच होतं, मुरमाचं. पाणी मारून दाबलेलं, गोलाच्या मागे बाभळी. पलीकडच्या रस्त्यावरून पांझरा नदीकडे उतरणाऱ्या रिक्षांचे आवाज येत होते. ऊन उतरलं होतं. इथेच तेराव्या वर्षी ती पहिल्यांदा गोलात उभी राहिली, अब्बांनी गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडात रुई ठासून शिवलेले पॅड बांधून. सगळ्या मुली हसल्या होत्या. एकटी दिपमाला हसली नव्हती, ती ते पॅड बोटांनी दाबून पाहत म्हणाली होती, “कितलं जोरमा मारू?” आणि मारला तो थेट गळ्याखालच्या हाडावर, जिथे पॅड नव्हताच. अलफिया खाली बसली. दिपमाला धावत आली, आणि तिनं काही विचारायच्या आत अलफिया म्हणाली होती, “पुन्हा मार.” त्या वेळी ती असं का म्हणाली? हिंमत दाखवायला नव्हे. बॉल स्टिकवरून निघताना तिला काहीतरी दिसलं होतं, अर्धवट, आणि ते पुन्हा पाहायचं होतं. तेवढंच. रतिलाल नाना, त्यांचे तेव्हाचे पी. टी. चे सर, आता निवृत्त, सत्तरी ओलांडलेले, पण संध्याकाळी मैदानावर येणं त्यांनी सोडलं नव्हतं. त्यांनी दोघींच्या डोक्यावर एकेक हात ठेवला. “दोघी एका संघात,” ते म्हणाले. “बरं झालं. तुमचा सामना टीव्हीवर लागला की मी कोणाच्या बाजूनं बसू हेच कळत नव्हतं. आता चहा तरी नीट पिईन.” अलफियानं पॅड बांधायला खाली मान घातली.

नाना स्वतः बेसलाइनवरून बॉल ढकलायला उभे राहिले. वाकले की त्यांचे गुडघे वाजायचे, पण बॉल सरळ जायचा. पहिला डावीकडे खाली, अलफियाच्या पायावर. दुसरा उजवीकडे वर, ग्लोव्हजनं बाहेर. तिसरा, चौथा. तिला प्रत्येक वेळी कळत होतं, अगदी तसंच, शरीर आधीच निघालेलं असायचं आणि मन मागून जाऊन पोचायचं. चौथ्यानंतर दिपमालेनं स्टिक बगलेत धरून तळहात पुसले. नाना वाकले. बॉल आला, दिपमालेचा डावा पाय पडला, खांदा उघडला, उजवीकडे, अलफिया उजवीकडे निघाली, आणि बॉल तिच्या डाव्या कानाजवळून मागच्या फळीवर आदळला. आवाज आला तेव्हा ती अजून हवेतच होती. मुरमावर पडली, कोपर सोलपटलं, आणि तशीच पडून राहिली. लागलं म्हणून नव्हे. डोळ्यांसमोर तो क्षण मागे न्यायचा प्रयत्न करत होती ती. खांदा उघडला होता. नक्की उघडला होता. म्हणजे खूण खांद्यात नव्हतीच? की दिपमालेला खूण कळली आणि तिनं ती खोटी केली? मग इतकी वर्षं ती नक्की काय वाचत होती? अंगभर काटा आला. बऱ्याच दिवसांत, बहुतेक बऱ्याच वर्षांत, आपल्याला इतकं जागं वाटलं नव्हतं हे तिच्या लक्षात आलं. आणि इतके दिवस तोंड फिरवून बसलेलं ते जे काही होतं, त्यानं आता मान वळवली होती.

दिपमाला गोलापाशी आली. चेहरा लाल, डोळे चमकणारे. “हाऊ नवा शे. सहा महिना ह्यानावर घालाडेल शेतस. आजून कोनलेच दखाडेल नही, आम्हना कोचले बी नही.”

“मग मला का दाखवलास?”

“तू तं आते आम्हनीच ना.”

आत्ता गप्प राहता आलं असतं. रविवारी मॅनेजरला फोनवर सांगता आलं असतं, दिपमालेला मागून कुठूनतरी कळलं असतं. अलफियाला हा पर्याय स्वच्छ दिसला आणि तो तिनं थोडा वेळ पाहिलाही. मग उठून बसली, हेल्मेट काढलं. घामानं केस कपाळाला चिकटले होते. “दिपा, मी सुरतेला येत नाहीये.” हे वाक्य तिनं इतरांबरोबरच पहिल्यांदा ऐकलं. दिपमालेला आधी ती थट्टा वाटली. मग तिनं नानांकडे पाहिलं. नाना बॉल हातात घेऊन बाभळीकडे चालायला लागले होते, ऐकू न आल्यासारखे.

“पैसा कमी वाटना का?”

“नाही. खूप आहेत.”

“मंग तुना त्या सरना उपकार? खांदा दुखना तैन्हना?”

“तेही नाही.”

“मंग काय?”

जे होतं ते तिच्यापाशी आत्ताच आलं होतं, त्याला अजून नाव नव्हतं. “तू माझ्या बाजूला आलीस की समोर कोण राहील?” एवढंच ती म्हणाली. दिपमाला तिथेच मुरमावर बसली, उजवा पाय लांब करून, हळू, म्हाताऱ्या बाईसारखी. तेव्हा अलफियाला गुडघ्यावरची ती फिक्या रंगाची पट्टी दिसली. “तुनं नाव मीच सांगेल शे,” दिपमाला म्हणाली. आवाज उतरला होता. “दोन सालपाईन मी म्हनी ऱ्हायनू त्यास्ले, तिले लई या. काब्र, माहीत शे? बाकीन्या पोरीस्ले मी डोया मिचीसन मारस. तू समोर ऱ्हायनी का मना हात जड व्हतस, आदलं दिन जेवन जात नही. डॉक्टरनी सांगेल शे, हाऊ गुडघा दोन साल चालई, जास्तीमा जास्ती. त्या दोन सालमा माले फक्त जितनं शे, अलफी. तुन्हासंगे भांडत बसनं नही.” मग ती म्हणाली, “नि तू मना बॉल देखी लिधा. सहा महिनानी मेहनत. देखी लिधा नि मंग नही म्हनस.” अलफियानं हात पुढे केला. दिपमालेनं तो धरला नाही. स्टिकचा आधार घेऊन स्वतःची स्वतः उठली, नानांच्या पाया पडली आणि गेटाबाहेर मोटारसायकलवर थांबलेल्या भावाच्या, भूषणच्या, मागे बसून गेली. जाताना एकदाही वळली नाही. त्या पाठीकडे बघत असताना, दुःख होत असताना, अगदी खरं दुःख होत असतानाही, आपण तिचे खांदे निरखतोय हे अलफियाच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची शरम वाटली. नाना परत आले. “चल, पोहे खाऊ,” म्हणाले.

घरी सांगणं सगळ्यात अवघड गेलं, कारण अब्बांना समजून घ्यायचं होतं. पैसे नकोत असं म्हणणाऱ्यावर चिडता येतं, सरांच्या उपकाराला जागली असं म्हटलं असतं तर त्यांनी मान तरी डोलावली असती. तिनं दोन्ही सोप्या वाटा सोडल्या आणि जे होतं ते सांगितलं, दिपमालेचा बॉल, खांदा, सगळं. शहजादी दारात उभी राहून ऐकत होती, हातातलं पीठ वाळेपर्यंत. मुख्तारभाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. “म्हणजे,” ते सावकाश म्हणाले, “एक पोरगी बॉल मारते. तो तुला अडवायचा आहे. म्हणून.”

“हो.”

“आणि अडवला की?”

“माहीत नाही, अब्बा.”

ते चिडले नाहीत. एखादं कापड उलटंसुलटं करून पाहावं आणि त्याचं सूत ओळखू येऊ नये, तसे तिच्याकडे पाहत होते. मग उठले आणि दुकानाकडे गेले. दिवाळीनंतर गाळा एका मोबाईलवाल्यानं घेतला. अलफिया रजा काढून आली होती. पिंजायचं मशीन हातगाडीवर चढवताना तिनं एक बाजू धरली, अब्बांनी दुसरी. घराच्या ओट्यावर पत्रे टाकून त्यांनी काम सुरू केलं, गिऱ्हाईक निम्म्यावर आलं, आणि रुईची लव आता अम्मीच्या भाताच्या पातेल्यापर्यंत पोचायला लागली. ह्याबद्दल तिला कोणी बोललं नाही. तिला ते दिसत होतं, आणि दिसतंय हे त्यांना माहीत होतं.

त्याआधी, रजा संपवून जूनमध्ये ती पुण्यात हजर झाली त्या दिवशी जितेंद्र सरांनी गुलाबाचा हार आणला होता. संघातल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. वरचे साहेब दहा मिनिटं बोलले, निष्ठा हा शब्द सात-आठ वेळा आला. हार गळ्यात घालून ती उभी होती आणि मानेला पाकळ्या ओल्या लागत होत्या. नंतर व्हरांड्यात तिनं सरांना गाठलं. “सर, मी त्यासाठी नाही राहिले. डब्यासाठी, ऑपरेशनसाठी, असं नाही. खरं सांगते.” सर हसले. “तू असं म्हणणारच,” ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पुन्हा समजावून पाहिलं, पण जितकं सांगावं तितकी ती त्यांच्या नजरेत मोठी होत गेली. शेवटी तिनं नाद सोडला. सकाळी सराव, अकरा ते पाच आवक-जावक. सरावाला ती मुलींना सांगायची, खांदा उघडा आणि बॉल उलटीकडे सोडा. कोणालाच जमेना. एकीच्या मनगटात चमक भरली. अलफिया टेबलावर टपालावर शिक्के मारताना मध्येच थांबून डावा पाय पुढे टाकायची, हात ओढायची, खूण कुठे असेल ते आपल्याच अंगात शोधायची. टाच? कंबर? श्वास? शेजारच्या टेबलावरच्या मंदाबाईंनी एकदा विचारलं, “पाठ धरली का गं?”

दिपमालेचा फोन आला नाही. अलफियानं केला तो तिनं उचलला नाही, ईदला नाही, तिच्या वाढदिवसाला नाही, सहा महिने नाही. दोघींचे संघ समोरासमोर येणारी लीग जानेवारीत होती. नोव्हेंबरच्या शेवटी एका सकाळी, अलफिया फायलींचा गठ्ठा छातीशी धरून दुसऱ्या मजल्याचा जिना चढत होती, आणि फोन वाजला. गठ्ठा गुडघ्यावर पेलत तिनं तो कानाला लावला. पलीकडे टर्फवर फवारलं जाणारं पाणी ऐकू येत होतं आणि धापा टाकणारा एक श्वास.

“तो बॉल इसरी जाय,” दिपमाला म्हणाली. कशी आहेस नाही, काही नाही. “मी दुसरा काढेल शे.”

“कुठल्या बाजूला जातो?” अलफियानं घाईनं विचारलं. “दिपा? वर की खाली? ए, सांग ना!”

वरून उतरणारा शिपाई भिंतीला चिकटून तिला वाट देत थांबला होता. फोन केव्हाच बंद झाला होता, आणि ती विचारतच होती.